नातीच्या पहिल्या मतदानाआधी

माय, मतदार ओळखपत्र आलं म्हणून तू खूश आहेस. मीही आहे. पण आधी यादीत नाव बघ. मताचा हक्क यादीतल्या नावाला असतो, कार्ड फक्त ओळख पटवायला. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर असताना कितीतरी निवडणुकांत मी केंद्राध्यक्ष म्हणून बसलो. कार्ड हातात, चेहरा ओळखीचा, सगळ्या गावाला ठाऊक की हा इथलाच. तरी यादीत नाव नाही म्हणून माणसाला परत पाठवावं लागायचं. पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून आलेली पोरं तशीच दारातून वळायची, तेव्हा माझ्या पोटात तुटायचं. म्हणून यादी मतदानाच्या सकाळी बघायची नाही, दोन-तीन महिने आधी बघायची. नवीन नाव घालायचं तर अर्ज नमुना ६, नाव वगळायला ७, दुरुस्ती किंवा पत्ता बदलायला ८. अठरा पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षातून चारदा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. तुझ्या मागच्या वर्गातल्या मैत्रिणींना हे सांग. यादीचं काम बघणारा गावातला बीएलओ म्हणजे बहुधा शाळेतले गुरुजी नाहीतर अंगणवाडीच्या बाई. त्यांच्या घरी जा, चहा घे, यादी मागून वाच.

दुसरी गोष्ट फार कमी जण सांगतात. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेसाठी वेगळी नावनोंदणी होत नसते. विधानसभेचीच यादी घेतात आणि ती प्रभागांत, गणांत, गटांत फोडतात. असं फोडताना घरं हलतात. आपल्या गल्लीतली चार-पाच घरं शेजारच्या प्रभागात जातात, कधी चुकून, कधी कुणाच्या सोयीनं. ग्रामपंचायतीची निवडणूक दहा-वीस मतांवर फिरते, तिथं एवढंच पुरतं. प्रारूप यादी लागली की हरकतीसाठी मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत सोयाबीनची रास सुरू असेल, नाहीतर कुणाचं लग्न असेल. तरी अर्धा तास काढून ग्रामपंचायतीच्या भिंतीपाशी जा, बोट ठेवून नावं वाच, आपल्या घराबरोबर शेजारच्यांचीही बघ. म्हातारीकोतारी माणसं तिथवर पोचत नाहीत. त्यांचं नाव आहे की नाही हे बघणारं कुणीतरी गल्लीत असावं, आणि ते तू असावंस असं मला वाटतं.

पुढं तुझं लग्न होईल. तेव्हा नमुना ८ भरून नाव सासरी न्यायचं, पण ते आपल्या नावानं राहिलं पाहिजे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच नोंदवलं गेलं होतं. त्यातल्या बहुतेक जणी उत्तरेकडच्या होत्या. पण आपल्याकडंही बाईचं नाव घ्यायला माणसं लाजायचीच. आपल्या भागात त्याआधी मतपेटी सामान्य माणसाच्या वाट्याला आलीच नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट गेली तेव्हा माझे वडील तरुण होते. जहागीरदाराच्या कारकुनापुढं पागोटं काढून उभं राहिलेल्या माणसाला तीन-चार वर्षांत पेटीत मतपत्रिका टाकून राज्यकर्ता निवडायला मिळाला. ते आयुष्यभर मतदानाला धुतलेलं धोतर नेसून जायचे. मी पहिलं मत १९७१ साली दिलं, एकवीस पूर्ण झाल्यावर. तेव्हा वयाची अट तेवढी होती आणि हिंगोली परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्हा झाला १ मे १९९९ ला.

एका मतानं काय होतं, असं तुझा भाऊ म्हणतो. त्याला २०१४ ची लोकसभा सांग. राजीव सातव आपल्या हिंगोली मतदारसंघातून १,६३२ मतांनी निवडून आले. या मतदारसंघात सहा विधानसभा येतात: हिंगोली, कळमनुरी, वसमत, शिवाय किनवट, हदगाव आणि उमरखेड. म्हणजे एका विधानसभेमागं २७२ मतं. कुरुंद्याच्या बाजारात एका ओळीत तेवढी माणसं उभी असतात. लाखो मतांच्या लढतीचा निकाल एवढ्यावर लागला.

मतदानाला येशील तेव्हा स्वतःच्या तिकिटानं ये. निवडणूक आली की पुण्यातल्या, संभाजीनगरातल्या पोरांना फोन सुरू होतात: गाडी पाठवतो, जेवणाची सोय आहे, फक्त या. मतदाराला फुकट वाहनानं केंद्रावर नेणं हा कायद्यानं भ्रष्टाचार आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ज्याच्या गाडीत बसलीस त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून पुढची पाच वर्षं तुला बोलता येत नाही. एसटी आहे, रेल्वे आहे. पैसे कमी पडले तर आजोबाला सांग.

आदल्या रात्री पाकीट येईल. ते आणणारा परका नसतो. तुझा चुलतमामा असेल, शाळेतला जोडीदार असेल. म्हणूनच नको म्हणणं अवघड जातं. भांडू नको, भाषण देऊ नको. आपल्या घरचं उत्तर ठरलेलं आहे: "चहा घ्या, बसा, पाकीट मात्र ठेवू नका. आमच्याकडं ज्याचं मत त्याचं तो ठरवतो." एवढं बोलून चहा टाकायचा. दोन-तीन निवडणुकांनंतर माणसं आपल्या दारी पाकीट घेऊन येणं सोडतात आणि तरी येतात, हा माझा अनुभव आहे. घेणारा आणि देणारा दोघंही कायद्यानं गुन्हेगार, हे ठाऊक असू दे. आणि तो पैसा कुठून येतो तेही समजून घे. पॅनल उभं करताना खर्च होतो, तो कुणीतरी उचलतो आणि नंतर कामांतून काढतो. नाली झाली की तिच्या तळाला काँक्रीट किती जाड आहे ते बघ, म्हणजे पाकीट कुठून भरलं होतं ते कळेल. घेऊन दुसऱ्याला मत टाका, असं काही शहाणे सांगतात. मला ते पटत नाही. हात एकदा पुढं झाला की आवाज खाली येतो.

मत कुणाला दिलं ते कुणालाही सांगू नको, मलासुद्धा. लोकसभा-विधानसभेला व्हीव्हीपॅटच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते, ती नीट बघ. चिन्ह आपलंच आहे का, नाव तेच आहे का. एका पक्षाचे दोन झाले, चिन्हं बदलली, त्यात गेल्या काही वर्षांत जुन्या मतदारांचा फार गोंधळ उडाला आहे. म्हाताऱ्या माणसांना आधी घरी कागदावर चिन्हं दाखवून ठेव, पण बोट कुठल्या चिन्हावर ठेवायचं ते त्यांना ठरवू दे. गावातल्या लहान प्रभागात मतं कुठली कुठं गेली याचे अंदाज मांडणारे पारावर बसलेले असतात. ते तुला खोदून विचारतील. हसून विषय बदलायचा.

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनल असतं. एका प्रभागात दोन-तीन जागा असतात, त्यामुळं तेवढ्या सदस्यांना मतं द्यायची आणि वर सरपंचाला वेगळं. सरपंच थेट लोकांतून निवडण्याची पद्धत २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. यातला धोका असा, की सरपंच एका पॅनलचा आणि सदस्य बहुसंख्येनं दुसऱ्याचे निघाले तर पाच वर्षं एकही ठराव सुखानं पुढं सरकत नाही. याचा अर्थ अख्खं पॅनल डोळे झाकून निवडावं असं नाही. सरपंचपदाला उभा राहिलेला माणूस विरोधी सदस्यांना सोबत घेऊन बसू शकेल का, एवढं मत देण्याआधी मनाला विचार. जो प्रचारातच समोरच्याच्या आईबहिणीवर उतरतो, त्याला ते जमणार नाही.

उमेदवाराचं शपथपत्र वाच. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालापासून उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण लिहून द्यावं लागतं, आणि लोकसभा-विधानसभेची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसतात. पाच वर्षांपूर्वीचं आणि आताचं शेजारी ठेव. जमीन किती वाढली? उत्पन्न शेतीचंच दाखवलं असेल तर कुठल्या पिकाचं? हळदीचा भाव आपल्या घरात सगळ्यांना पाठ असतो, तेव्हा एकरी किती सुटतं ते तू बरोबर काढशील. गावपातळीवर वेगळे नियम लागतात. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल किंवा सरकारी जागेवर अतिक्रमण असेल, तर ग्रामपंचायतीचं सदस्यपद जातं.

कुणाला काय विचारायचं हेही शिकून घे. दारापुढच्या नालीसाठी खासदाराची गाडी अडवणारी माणसं मी पाहिली आहेत. खासदार लाजून हो म्हणतो आणि निघून जातो. नाली, दिवाबत्ती, पिण्याचं पाणी हे ग्रामपंचायतीचं काम. शाळेच्या खोल्या, प्राथमिक आरोग्य केंद्र, गावजोड रस्ता यांसाठी जिल्हा परिषद. हिंगोली डेक्कन स्टेशनवर कुठली गाडी थांबावी, हे खासदाराला विचार. सिद्धेश्वर, येलदरी, इसापूर ही धरणं आपल्या आजूबाजूला असून आपली शिवारं कोरडी का, सिंचनाचा अनुशेष किती वर्षं तसाच राहणार, शक्तिपीठ महामार्गात बागायती जमिनी जाणाऱ्यांचं पुढं काय, हे आमदाराला विचार, आणि सभेत चार माणसांदेखत विचार. जिल्हा परिषदेचे सदस्य २०१७ ला निवडून आले, २०२२ ला त्यांची मुदत संपली आणि मग वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार बघत राहिले. प्रशासक वाईट असतो असं नाही, पण त्याची बदली होते आणि त्याला आपल्या दारी मत मागायला यायचं नसतं. शाळेचे पत्रे उडाल्यावर रात्री नऊला ज्याचं दार वाजवता येतं असा गटाचा माणूस नसला की काय होतं, ते त्या वर्षांत कळलं.

आता मुख्य गोष्ट. मतदान पाच वर्षांतून एकदा, ग्रामसभा वर्षातून किमान चारदा. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास होतात. मतदानाला आपल्याकडं माणसं बैलगाडीतून यायची, आता जीपमधून येतात. ग्रामसभेला मात्र झेंडावंदन करून, लाडू घेऊन घरी जातात. तिथंच सगळं हातचं जातं. घरकुलाचे लाभार्थी कोण, हे ग्रामसभेत ठरतं. गावाचा वर्षाचा आराखडा तिथं मंजूर होतो. पंधराव्या वित्त आयोगाचा जो पैसा थेट ग्रामपंचायतीला आला, त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. कुठल्या कामावर किती गेला हे ई-ग्रामस्वराजवर गावाच्या नावानं कुणालाही बघता येतं. मोबाइल तुझ्या हातात आहेच.

कोरमची मेख समजून घे. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल तेवढे हजर लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरमची अट नसते. तेच विषय आठ-दहा माणसांत मंजूर होतात. ज्याला वाद नको असतो तो पहिल्या सभेची दवंडी हळू आवाजात फिरवतो. म्हणून पहिल्याच सभेला शंभर माणसं बसवायची. नोटीस सात दिवस आधी निघते. ती लागली की फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाक.

सभेत उभी राहिलीस की तोंडी भांडू नको. प्रश्न कागदावर लिहून ने, दोन प्रती कर, एक ग्रामसेवकाला दे, दुसरीवर पोच घे. ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावात जुनं नाव चालतं. "हे इतिवृत्तात लिहा," हे तीन शब्द शांतपणे म्हणायला शीक. ते लिहिलं गेलं का, ते सभा संपायच्या आत वाचून घे. कोऱ्या पानावर सही करू नको, अंगठाही कुणाला उठवू देऊ नको. रजिस्टर घरोघर फिरतं, "उपस्थितीची सही आहे फक्त" असं सांगतात आणि वरचा मजकूर नंतर भरला जातो. उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज कर. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांत उत्तर. अर्जात "सगळी माहिती द्या" असं लिहायचं नाही. अमुक वर्षाच्या अमुक नालीचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची नक्कल, बिलाची नक्कल, एवढंच माग. नेमकं मागितलं की टाळता येत नाही.

मोठ्या ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. ती कागदावर उरकली जाते, कारण बायका विचारत नाहीत. तू विचार. तुझ्या आजीला, काकूंना, तांड्यावरच्या बायांना घेऊन जा. २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तरी खुर्चीवर बाई आणि बोलणारे तिचे मालक, असं अजून चालतं. अशा वेळी त्या मालकांना सभेतून हाकलण्याच्या भरीला पडू नको. प्रश्न सरपंच बाईंकडं बघून विचार आणि उत्तराची वाट बघ. एकदा दोनदा त्या नवऱ्याकडं बघतील, तिसऱ्यांदा बोलतील. एकदा बोललेली बाई पुन्हा गप्प बसत नाही, हे मी वर्गातल्या पोरींवरून सांगतो. दारूचं दुकान बंद करायचं असलं तरी अधिकार बायकांच्या हातात आहे. मतदार बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान उठतं.

एवढं सगळं केलंस तरी एक गोष्ट सुटली तर काही उपयोग नाही, आणि ती मला सगळ्यांत जास्त सांगायची आहे. राजकारणापायी माणूस तोडू नको. आपला जिल्हा लहान आहे. मराठा, हटकर, बंजारा, आंध, बौद्ध, मुसलमान, माळी, सगळे एकाच बांधाला बांध लावून आहेत. नर्सीला नामदेवांच्या दर्शनाला एकादशीला कोण कुठल्या जातीचा चालला आहे, हे कुणी विचारत नाही. पण २०२३ चा हिवाळा मला आठवतो. २६ नोव्हेंबरला हिंगोलीत ओबीसींची मोठी सभा झाली. पुढं २०२४ च्या ६ जुलैला मराठा आरक्षणाची शांतता रॅली हिंगोलीतूनच निघाली. दोन्हीकडं आपल्याच गावची माणसं गेली होती. प्रत्येकाच्या मागणीमागं खरं दुःख होतं: नोकरी न मिळालेलं पोर, वाटण्या होऊन एकरावर आलेली जमीन. मागणी करणं, सभेला जाणं, घोषणा देणं हा हक्कच आहे. पण त्यानंतर काही दिवस न्हाव्याचं दुकान बदललं गेलं, किराणा दुसरीकडून यायला लागला, हळद शिजवायला बोलावणं थांबलं. मी साठ-सत्तर वर्षांचं गाव बघितलं आहे, असं कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा आम्ही चार-पाच म्हाताऱ्यांनी एवढंच केलं, की रोज संध्याकाळी मारुतीच्या पारावर ठरवून एकत्र बसलो. वेगवेगळ्या जातीचे, वेगवेगळ्या पॅनलचे. बोललो पिकाचं, पाण्याचं, नातवंडांचं. काही दिवसांनी तरुण पोरंही येऊन उभी राहायला लागली.

तुझ्या मोबाइलवर त्या काळात काय काय येत होतं ते तूच मला दाखवलंस. माझा नेम एकच: संतापवणारं काही आलं की आधी विचारायचं, हे कुठल्या गावचं, कोणत्या तारखेचं? उत्तर नसेल तर पुढं पाठवायचं नाही. आणि शेजाऱ्यानं पाठवलं असेल तर ग्रुपवर उत्तर द्यायचं नाही; त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचं. समोर बसलेल्या माणसाला माणूस तेवढं कडू बोलत नाही.

राजकारणात पडू का, असं तू मागच्या सुट्टीत विचारलंस. तुझी आई घाबरली, मी नाही घाबरलो. आपल्या मातीतली दोन माणसं बघ, दोन टोकांच्या विचारांची. राजीव सातव पंचायत समितीपासून सुरू करून जिल्हा परिषद, विधानसभा आणि मग लोकसभेत गेले. कोरोनानं २०२१ च्या मे महिन्यात त्यांना फार लवकर नेलं. दुसरे सेनगाव तालुक्यातल्या कडोळीचे नानाजी देशमुख. १९७७ ला खासदार झाले, मंत्रिपद नाकारलं, साठी गाठल्यावर सत्तेचं राजकारण सोडलं आणि चित्रकूटच्या खेड्यांत काम करत राहिले. एकानं पायरी न पायरी चढून दाखवली, दुसऱ्यानं खुर्ची सोडून. तुला कुठला रस्ता घ्यायचा ते तू ठरव, पण सुरुवात प्रभागातल्या नळापासून कर. ज्या बाईच्या नळाला पाणी येत नाही, तिचं नाव तुला ठाऊक असलं पाहिजे.

आणि मतमोजणी झाल्यावर गुलाल उधळला जाईल, डीजे लागेल, हरलेल्याच्या दारासमोर मुद्दाम फटाके फुटतील. त्या मिरवणुकीत जायचं नाही, मग आपला माणूस निवडून आलेला असला तरी. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही घरी जाऊन यायचं. आधी हरलेल्याच्या घरी. त्यांच्याकडं त्या दिवशी चूल उशिरा पेटलेली असते, बायका बोलत नसतात. आजीला सोबत ने, भाकरी-पिठलं बांधून ने. मग जिंकलेल्याकडं जा, अभिनंदन कर आणि पुढच्या ग्रामसभेची तारीख विचारून घे.